बैलगाडीचं १:१० मॉडेल: आधी एक चाक करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिन्नरजवळच्या मळ्यात आजोबांची लाकडी चाकांची बैलगाडी गोठ्याशेजारी पडून आहे. ती सरपणात जाण्याआधी तिचं हुबेहूब लहान मॉडेल हातानं करायचंय. लेथ नाही. ड्रिल मशीन, एक पटाशी आणि दोन-चार कानशी आहेत. लाकूड कोणतं घ्यावं, चाक कसं जमवावं, जुनेपणा कसा आणावा, वेळ किती लागेल? आणि मित्र म्हणतो, गाडी कसली करतोस, नाशिकच्या जुन्या ट्रामचं मॉडेल कर.

मित्राचा मुद्दा आधी निकालात काढू. नाशिकरोड स्टेशन ते गाव अशी घोड्यांनी ओढायची ट्राम १८८९ साली सुरू झाली आणि १९३० च्या दशकात बंद पडली. विषय मोहाचा आहे, मीही एकदा त्या नादी लागलो होतो. पण डब्याची फळी किती जाडीची, पायरी कशानं धरलेली, हे फोटोत दिसत नाही. जिथं दिसत नाही तिथं आपण अंदाज ठोकतो आणि पुढे त्या अंदाजावर दुसरा अंदाज. तुमच्या गोठ्याशेजारी अख्खी गाडी उभी आहे. तिच्याखाली आडवं पडून बघता येतं. गाडीच करा.

माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे पुढचं कुठल्या अनुभवातून येतंय ते कळेल. मी गाडीचा सुतार नव्हे. सातपूरला एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली. ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी पॅटर्न करायचे, हे काम. निवृत्तीनंतर गाड्या करायला लागलो, आजवर चार पूर्ण झाल्या. गाडीची भाषा मात्र मामाच्या गावच्या सुतारकाकांकडून शिकलो, ते हयात असताना.

मोजमाप

दोन दिवस फक्त मोजायला द्या. करवतीला हात लावू नका. वहीत एका पानावर एकच भाग काढा आणि मोजलेलं लगेच मिलिमीटरमध्ये लिहा. १:१० प्रमाण त्यासाठीच बरं, कारण एक शून्य उडवलं की मॉडेलचं माप तयार. तुमची गाडी जुन्या सुतारानं फूट-इंचात केलेली असणार आणि १:१२ घेतलंत तर एका फुटाला एक इंच असं तेही सोपं जातं. पण हाताशी मिलिमीटरची पट्टी असताना इंचाच्या अष्टमांशात डोकं घालायची गरज नाही.

चाकाचा व्यास एकदाच मोजू नका, तीन दिशांनी मोजा. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिलेलं चाक गोल राहत नाही. माझ्या पहिल्या गाडीचं चाक एकीकडून १४०० भरलं, दुसरीकडून १३८२. मोठं माप धरलं, कारण झिजून लाकूड वाढत नसतं. फोटो काढताना प्रत्येक भागाला पोलादी फूटपट्टी टेकवून ठेवा. सांध्यांवर कागद ठेवून पेन्सिलीची आडवी बाजू घासा, खिळ्यांच्या जागा जशाच्या तशा उतरतात. आणि आरे मोजा, हसू नका, खरंच मोजा. मी ज्या गाड्या मोजल्या त्यांत बारा आरे आणि सहा पाटे होते, पण तुमच्या गाडीला सोळाही असू शकतील. (परिघाच्या वाकड्या तुकड्यांना आम्ही पाटे म्हणतो, काही ठिकाणी पुठे म्हणतात.)

खालची सगळी मापं माझ्या त्या १४०० मिमीच्या चाकाची आहेत. तुम्ही तुमची घाला.

लाकूड

खरी गाडी बाभळीची, म्हणून मॉडेलही बाभळीचं, हा विचार मनाला पटतो पण डोळ्याला पटत नाही. लाकूड दहापट लहान होतं, त्याची रेषा दहापट लहान होत नाही. सागाचंच बघा. त्यात दरवर्षीच्या वाढीच्या कड्यात मोठ्या छिद्रांची ओळ असते. मिलिमीटरभर रुंदीची ती ओळ मॉडेलवर एक सेंटिमीटरच्या खाचेसारखी दिसते आणि गाडी खेळण्यातली वाटायला लागते. बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड लागतं. माझी पसंती हळदूला. पूर्वी फूटपट्ट्या आणि सूतगिरणीचे बॉबिन ज्याचे व्हायचे ते हे लाकूड. रंग पिवळसर, कापायला सरळ, कडा धरून ठेवतं. दुसरं शिवण. हलकं असतं आणि पावसाळ्यात फारसं हलत नाही. साट्याच्या, म्हणजे गाडीच्या बैठकीच्या फळ्यांना ते छान.

नाशिकमध्ये जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारं लाकूड सोडू नका. ते बहुतेक साग असतं, पण ऐंशी-शंभर वर्षं वाळलेलं. दाट रेषेचा तुकडा निवडून काढलात तर दांड्यांना चालतो, कारण दांडीवर रेषा लांबीनं धावते आणि खुपत नाही.

बाभूळ मी एकाच ठिकाणी वापरतो, तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या, आरे बसतात त्या गोल ठोकळ्याला. आणि तिथेच तोंडावर आपटलो होतो. मळ्यात नुकतीच तोडलेली फांदी आणली, मधोमध गर ठेवून तुंबा गोल केला, चोवीस खाचा पाडल्या. फेब्रुवारीत काम, मे महिन्यात दोन्ही तुंबे चांदणीसारखे तडकले. लाकूड वाळताना कड्यांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या जेमतेम निम्मं गराकडून सालीकडे आकसतं. गोल ओंडक्यात गर मधोमध असला की या दोन ओढींना मोकळं व्हायला वाट उरत नाही, ते फाटतं. गर टाळून बाजूचा चौकोनी तुकडा घ्या आणि तो किमान एक उन्हाळा खाल्लेला असू दे.

चाक

इथेच थांबून नीट सांगतो, कारण गाडी म्हणजे दोन चाकं आणि वर टाकलेल्या फळ्या. साटा कसाही झाला तरी लोक चाकाकडे बघतात.

सोपा मार्ग सगळ्यांना सुचतो: प्लायवूडमधून अखंड कडं कापायचं आणि त्यात काड्या चिकटवायच्या. करू नका. खऱ्या चाकात प्रत्येक पाट्याची रेषा वेगळ्या दिशेनं जाते, सांध्याशी वळण घेते. अखंड कड्यात सगळी रेषा एकाच दिशेनं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पाटे सहाच का, हेही समजून घ्या. परकारात चाकाची त्रिज्या धरून परिघावर फिरवत गेलं की बरोबर सहा खुणा पडतात. कोनमापक नसलेल्या सुताराला याहून सोपी विभागणी कोणती? ताकदीचं कारणही आहे. चारच पाटे केले तर प्रत्येक पाट्याच्या टोकाशी रेषा इतकी आडवी येते की कोपरा ठोकताच उडतो. सहामध्ये ती सुसह्य राहते. आपल्या चाकाची त्रिज्या ७० मिमी, म्हणजे एका पाट्याची बाहेरची टोकं सरळ रेषेत ७० मिमी अंतरावर. पाट्याची खोली ९ मिमी. हिशेब केला तर एक पाटा १७ मिमीच्या थोड्या जास्त रुंदीत बसतो, म्हणून ७५ बाय २० मिमीच्या, ६.५ मिमी जाड पट्ट्या पाडा. पुठ्ठ्याचा एक नमुना कापा, त्यावरून आखा, आणि सोनाराच्या बारीक करवतीनं रेषेच्या बाहेरून कापा. ही करवत आणि बारीक कानशींचा संच सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतो. सुतारी सामानाच्या दुकानात मागाल तर तुमच्याकडे बघत राहतील.

तुंबा २६ मिमी व्यासाचा, ३४ मिमी लांब. लेथ नसेल तर चौकोनी तुकड्याच्या कडा मारून आधी अष्टकोन करा, मधोमध भोक पाडून त्यात बोल्ट आवळा, बोल्ट ड्रिलच्या तोंडात धरा आणि ड्रिल टेबलाला घट्ट बांधा. कमी वेगावर फिरवत आधी कानस, मग पॉलिश पेपर. चष्मा लावा. बाभळीचा भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका, तेव्हा तोंडाला फडकंही बांधा.

बारा खाचांची आखणी कागदाच्या पट्टीनं करा. पट्टी तुंब्याभोवती गुंडाळा, जिथं टोक जुळतं तिथं कापा, आधी तीन सारख्या भागांत दुमडा, मग दोनदा निम्म्यावर. उलगडली की बारा भाग. परीघ सुमारे ८२ मिमी, म्हणजे एकेका आऱ्याच्या वाट्याला ६.८ मिमी. त्यात खाच ४ मिमीची, मग दोन खाचांमध्ये लाकूड उरतं जेमतेम २.८ मिमी. म्हणून खाचा ओळीनं पाडू नका. एक पाडली की समोरची पाडा, मग काटकोनातली. प्रत्येक खाचेत दीड मिमीची भोकं शेजारी शेजारी ६ मिमी खोल पाडायची आणि मधलं लाकूड साफ करायचं. एवढी अरुंद पटाशी बाजारात मिळत नाही. मी शिलाई मशीनची जाड सुई मोडून, दगडावर टोक चपटं घासून, लाकडी मुठीत बसवली आहे. गेली सात वर्षं तीच.

आरे तीस करा, लागतील चोवीस. तुंब्यातले ६ मिमी, मोकळे ४८, पाट्यातली कूस (भोकात शिरणारं आऱ्याचं टोक) ३, मिळून ५७ मिमी. तुंब्याकडे ४ बाय ६ मिमी, पाट्याकडे निमुळते. तुंब्यापाशी चौकोनी ठेवा आणि पुढे कडा मारत न्या. सगळे एकसारखे घासायचा हट्ट नको. सुतारकाका वाकसानं आरे तासायचे, त्यांचेही दोन आरे कधी जुळे नव्हते.

आता खरी मेख. आरे तुंब्यात ठोकले, ते पंख्यासारखे पसरले. एका पाट्यात दोन आरे जायचे आहेत आणि त्या दोघांमध्ये ३० अंशांचा फाटा आहे. पाट्यातली भोकं आऱ्यांच्या दिशेनं पाडलीत तर पाटा आत सरकतच नाही. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण इथे अडकतो आणि चिडून कुसा कापून टाकतो. खऱ्या चाकावर सुतार दोन आऱ्यांना दोर लावून, पिळून जवळ ओढतो, पाट्याचं तोंड लागू करतो आणि मग ठोकतो. ४८ मिमीचा आरा असा ओढायला गेलात तर मोडतो. म्हणून मी कूस फक्त ३ मिमीची ठेवतो. एवढ्या लांबीत प्रत्येक बाजूला ०.८ मिमीची सवलत लागते. भोक आतल्या तोंडाशी तेवढंच लांबट करायचं, खोलवर मूळ मापाचं ठेवायचं. पाटा बसला की ती फट आऱ्याच्या खांद्याखाली झाकली जाते.

जुळणी हवेत करू नका. प्लायच्या तुकड्यावर १४० मिमीचं वर्तुळ आणि दर ३० अंशांना रेघ काढा, मधोमध खुंटी, तीवर तुंबा. प्रत्येक आरा रेघेवर आहे का ते वरून डोळा लावून बघा. पाटे बसवताना दोन पाट्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. खऱ्या चाकातही ठेवतात, धाव (चाकावरचं लोखंडी कडं) आवळली की ती मिटते. सगळं कोरडं जमवून एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी जमलेलं दिसलं, तरच फेविकॉल.

धाव

खरी धाव बसताना पाहिली असेल तर ती आठवण विसरता येत नाही. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी कडं लालभडक, तिघे-चौघे सांडशीनं उचलून चाकावर टाकतात, लाकूड धुरानं भरतं, घण पडतात, मग पाणी, आणि आकसणाऱ्या लोखंडाखाली सांधे कडाकडा आवाज करत बसतात. १४०० मिमीचं कडं ५०० अंशांनी तापलं की व्यासात आठेक मिमी वाढतं, त्या आठ मिमीच्या जोरावर चाक आयुष्यभर घट्ट राहतं.

मॉडेलवर हे करायची हौस मलाही आली. होत नाही. एक मिमी जाडीची पट्टी चिमट्यातून चाकापर्यंत येईतो गार होते, अंगात उष्णता धरायला तिच्यात ऐवजच नसतो. पुन्हा जास्त तापवली तर पाटा जळतो. तेव्हा थंडच बसवा. ५ मिमी रुंद, १ मिमी जाड लोखंडी पट्टी घ्या, आणि लांबी काढताना आतला व्यास धरू नका. पट्टी वाकते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, मधली जैसे थे. म्हणून १४१ ला ३.१४१६ नं गुणा: ४४३ मिमी. सांधा चांदीच्या डाकानं एखाद्या सोनाराकडून जोडून घ्या, आतून अरल्डाइटचा पातळ हात द्या आणि सांधा एका पाट्याच्या मध्यावर येईल असा बसवा, दोन पाट्यांच्या फटीवर नको.

हे माप मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. पॅटर्न शॉपमध्ये आमच्याकडे साधी पट्टी नसायची. ओतलेलं बीड गार होताना मीटरला सुमारे १० मिमी आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठीच्या फूटपट्टीवर मिलिमीटरच मुळात एक टक्का मोठे छापलेले असतात. घरच्या खणात दोन्ही पट्ट्या होत्या. चाक एका पट्टीनं केलं, धाव दुसरीनं कापली. १४० मिमीच्या चाकाला जवळजवळ साडेचार मिमी आखूड धाव! दोन दिवस मी डाक, सोनार आणि स्वतःचं गणित यांना शिव्या देत होतो. पट्टी शेवटी बायकोनं उचलून विचारलं, "हिच्यावरचे आकडे जरा मोठे नाहीत का?" ती पट्टी आता स्वयंपाकघरात आहे, तिथे एक टक्क्यानं काही बिघडत नाही.

साटा, दांड्या, जू

हे त्या मानानं लवकर होतं. दांड्या पुढे जवळ येतात त्या कोनाकडे लक्ष द्या, तो वहीत नसेल तर परत मळ्यात जा. साट्याच्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवू नका, खऱ्या गाडीत बोट जाईल एवढ्या फटी पडलेल्या असतात. खिळे म्हणून बाजारातली टाचणी लावलीत तर तिचं डोकं फार मोठं दिसतं. तांबट लेनमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे तुकडे मागा, भोकात घालून वरून हलकेच ठेचा.

शेण-माती वाहताना लावायच्या तट्ट्या करायच्या असतील तर बांबूची कांब चिरून पाऊण मिमीपर्यंत आणावी लागते. अगरबत्तीची काडी उभी चिरली तर बरंच काम वाचतं. दोर सुती दोऱ्याचाच, पण त्याची लव मॉडेलवर गवतासारखी उभी राहते. दोरा मेणबत्तीवर ओढा, मग तीन पदरी पीळ द्या. जू आणि शिवळा (जुवाच्या टोकाला बैलाच्या मानेशी घालायच्या खुंट्या) बाभळीच्या करायला हरकत नाही, जिथं बैलाची मान लागते तिथं पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. तेवढीच जागा चकचकीत असायची, बाकी सगळं खरखरीत.

आणि नळा विसरू नका. वंगण ठेवायचं ते नळकांडं, साट्याखाली लटकणारं. "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा" ही म्हण ऐकून मोठे झालेल्या कित्येकांना नळा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. बोरूएवढ्या बांबूचा २० मिमीचा तुकडा, एका बाजूला पेर, वरून दोरी. दहा मिनिटांचं काम.

जुनेपणा

बाजारी काळा रंग लावू नका. एका बरणीत व्हिनेगर घ्या, त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी टाका, झाकण सैल ठेवून चार-पाच दिवस राहू द्या. स्टीलची नको, गंजणारी हवी. हे पाणी लाकडातल्या टॅनिनशी भेटलं की लाकूड करडं, मग काळसर पडतं. बाभळीत टॅनिन भरपूर, तिला एक हात पुरे होतो आणि जरा दचकायला होतं. हळदू-शिवणीला आधी कडक, बिनदुधाच्या चहाचा हात द्या, वाळू द्या, मग हे पाणी. तुकड्यावर करून बघितल्याशिवाय गाडीला लावलंत तर जबाबदारी तुमची. वाळल्यावर फडक्यानं घासा. जिथं माणूस बसायचा, जिथून चढायचा, त्या कडा जास्त घासा. चकाकणारं व्हार्निश कुठेच नको. वाटलंच तर जवसाच्या तेलाचा थेंबभर हात.

तुंब्याच्या तोंडाशी काजळी आणि एरंडेल कालवून लावा, धुळीचे कण चिकटू द्या. धावेला माती मळ्यातलीच आणा. वस्त्रगाळ केल्याशिवाय लावू नका, नाहीतर एकेक कण दहापट मोठा, म्हणजे ढेकूळ दिसतं. ओल्या मातीपेक्षा वाळलेल्या मातीचा रंग धरा.

वेळेचं विचारलंत म्हणून: मला संध्याकाळचे दोन-दोन तास बसून पहिल्या गाडीला साडेसात महिने लागले, त्यातले चार चाकांना. तुम्ही जोडी करायच्या आधी एकच चाक पुरं करा. ते बहुधा बाद होईल, पण दुसऱ्याला निम्मा वेळ लागेल. पावसाळ्यात आरे ठोकू नका. हवेतल्या ओलीनं फुगलेल्या कुसा जून-जुलैत मस्त घट्ट बसतात आणि दिवाळीनंतर खुळखुळतात. त्या काळात साट्याच्या फळ्या कापून ठेवा, दोर वळा, नळा करा.

गाडी पुरी झाली की पेटीत ठेवताना दांड्यांच्या पुढच्या टोकाखाली टेकू द्या आणि आखाखाली दोन पातळ ठोकळे सरकवा, चाकं जमिनीला नुसती टेकलेली राहतील एवढेच. मोजमापाची वही त्याच पेटीच्या तळाशी ठेवा, मोठी गाडी मोडीत निघाली तरी तिच्या मूळ मापांची तेवढी एकच नोंद उरते.